किल्लारीच्या भूकंपानंतर दगडाची घरं आपण कायमची सोडली का?

औसेकर_पाटी:
आमचा माळवदाचा (लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताचा) वाडा पाडायचं घरात चाललंय. ९३ नंतर जन्मलेली पोरंसुद्धा म्हणतात दगडाखाली झोपायचं नाही, यांनी तर भूकंप बघितलाही नाही. एका पहाटेनं आख्ख्या भागाची घर बांधायची पद्धत बदलते हे मला पटवून घ्यायला जड जातंय. तुमच्याकडं काय झालं?

लोहारा_वाला:
३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. दहा हजाराच्या आसपास माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच भिंतीखाली. मग भीती बसणारच ना. आमच्याकडं नवीन पक्कं घर मिळूनही म्हातारी माणसं कितीतरी वर्षं समोरच्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपायची. आणि बावन्न गावं उठवून नव्या जागी बसवली, घर किती मोठं ते जमिनीवरून ठरलं, भूमिहीनाला अडीचशे स्क्वेअर फूट अन् मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. सरळ रस्ते, लांबलांब प्लॉट. जुन्या गल्लीत ओसरीवरून शेजारणीला हाक जायची ते संपलं, मला याचं दुःख घरापेक्षा जास्त आहे.

खांब_तुळई:
दगडाला दोष देऊ नका राव. गोटे मातीत रचलेले, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठंच नाही, त्यामुळं भिंत मधून फुटून दोन्हीकडं पडली आणि वर दरवर्षी लिंपून जाड झालेल्या मातीचं वजन. ज्या घरात लाकडी खांब-तुळई धड होती तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती पडल्या पण माळवद खांबांवर तसंच उभं राहिलं, माणसं वाचली. हे कुणी पोरांना सांगत नाही, नुसतं दगड वाईट एवढंच सांगतात.
इंडोनेशियात सिमेउलुए बेट आहे, १९०७ च्या त्सुनामीनंतर त्यांनी गाण्यातून पोरांना शिकवलं की जमीन जोरात हलून समुद्र मागं गेला की डोंगरावर पळा. २००४ ला जवळपास अठ्ठ्याहत्तर हजार वस्तीत सातच माणसं गेली. त्यांनी भीतीसोबत काय करायचं तेही जपलं, आपण नुसती भीती जपली.

औसेकर_पाटी:
आमच्या वाड्याचे खांब सागाचे आहेत, शाबूत आहेत. मग वाचवता येईल का?

खांब_तुळई:
आधी माळवदावरची माती उतरवा, पाडापाडी नंतर. मग इंजिनियरला खांबांचे सांधे दाखवा, भिंतीत आरपार दगड आणि वरून काँक्रीटचा पट्टा घालता येतो का विचारा. भूकंपानंतर आपल्याच भागातल्या गवंड्यांना हे शिकवलं होतं, त्यातला कुणी म्हातारा गवंडी मिळाला तर त्यालाच सोबत घ्या.