मदत हवी आहे: स्नॅप चालू आहे तरी चौकोनांमध्ये फट राहते

सईची_आई
तातडीची मदत हवी आहे. सारख्या मापाचे चौकोन शेजारी शेजारी लावायचे आहेत. स्नॅप (ओढलेली वस्तू शेजारच्या कडेला आपोआप चिकटवणारी सोय) चालू आहे, स्क्रीनवर अगदी चिकटतात, कितीही झूम केलं तरी फट दिसत नाही. पण फाइल दिली की पलीकडे फट निघते. अलाइनमधली (वस्तू एका रेषेत लावायची) सगळी बटणं दाबून झाली. उद्या संध्याकाळपर्यंत फाइल द्यायची आहे, सेटिंग कुठलं बदलायचं तेवढंच सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत.

लेझरभाऊ
कुठलं सॉफ्टवेअर? फाइल छापणाऱ्याला दिली की कापणाऱ्याला? कुठल्या फॉरमॅटमध्ये? फट किती?

कोरलपंथी
कोरलड्रॉमध्ये ऑल्ट झेड दाबा, ऑब्जेक्टला स्नॅप चालू होईल. चौकोन मधून धरू नका, कोपऱ्यावर कर्सर नेऊन 'नोड' असं दिसलं की तिथे पकडा आणि दुसऱ्याच्या नोडवर सोडा. नुसतं अलाइन करायचं तर एल, आर, टी, बी. शिफ्ट धरून निवडताना जो शेवटी निवडाल तो जागचा हलत नाही, बाकीचे त्याच्याकडे येतात. आमचं अख्खं फ्लेक्सचं दुकान ह्यावर चालतं.

सईची_आई
कोरल नाही हो, इंकस्केप हे चित्र आखायचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरते. मुंजीत वाटायला लाकडी टॅग करतेय, ६० बाय २५ मिमी. लेझरने कापून देणाऱ्यांनी डीएक्सएफ प्रकारची आरेखनाची फाइल मागितली होती, ती दिली. त्यांच्या स्क्रीनवर दोन टॅगच्या मध्ये साधारण एक मिलिमीटर फट दिसते, माझ्याकडे काहीच नाही.

जुनं_खोड
हा ९० आणि ९६ चा घोळ. इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीपासून (२०१७) एका इंचात ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरतात. जुनी फाइल उघडली असणार. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एकक आणि स्केल तपासा. मी ह्यात पूर्वी चांगलाच पोळलो आहे.

लेझरभाऊ
खोडसाहेब, तसं असतं तर ६० चा टॅग ५६.२५ चा झाला असता. सगळंच त्या प्रमाणात आकसतं, नुसती फट पडत नाही.
ताई, टॅगचं माप त्यांच्याकडे बरोबर दिसतंय ना? आणि चौकोनाच्या रेषेची जाडी किती ठेवली आहे?

जुनं_खोड
शक्यता सांगितली. तपासायला काय जातं?

सईची_आई
माप बरोबर आहे. रेषा १ मिमी, बारीक असली की मला दिसत नाही. पण कापायच्या फाइलीत जाडीचा काय संबंध?

लेझरभाऊ
सगळा संबंध तोच आहे. इंकस्केप मुळात 'व्हिज्युअल बाउंडिंग बॉक्स' धरतं, म्हणजे रेषेच्या जाडीसकट दिसणारी चौकट. १ मिमी रेषेचा अर्धा मिमी आत असतो, अर्धा बाहेर. दोन चौकोन एकमेकांना चिकटतात ते त्या बाहेरच्या कडांनी, त्यामुळे खऱ्या मार्गांमध्ये (मशीन जिथून कापतं त्या रेषांमध्ये) अर्धा आणि अर्धा मिळून १ मिमी उरतो. स्क्रीनवर तो जाड रेषेखाली झाकला जातो. डीएक्सएफमध्ये जाडी जातच नाही, फक्त मार्ग जातो, म्हणून तिकडे फट उघडी पडते.

एडिट, प्रेफरन्सेस, टूल्स. तिथे बाउंडिंग बॉक्स 'जॉमेट्रिक' करा. आधी लावलेले चौकोन आपोआप सरकणार नाहीत, पुन्हा लावावे लागतील. लावायच्या आधी एक चौकोन निवडून वरच्या पट्टीत रुंदी बघा. ६१ दिसत असेल तर अजून जुनंच सेटिंग आहे, ६० दिसायला हवी.

तिरपा_कर्सर
प्रेफरन्सेसला हात न लावताही होतं. वर उजवीकडे लोहचुंबकाचं चिन्ह आहे, त्याच्या बाणातून प्रगत पर्याय उघडा, बाउंडिंग बॉक्स बंद, नोड्स चालू. मग कोपऱ्याला कोपरा लागतो, जाडी कितीही असो. सगळं एकदम चालू ठेवलं की तो कशाला चिकटेल त्याचा भरवसा नाही.

लेझरभाऊ
ओढून लावताना ठीक. पण अलाइनची बटणं बाउंडिंग बॉक्सच बघतात, आणि ताई तीच वापरताहेत.

कोरलपंथी
म्हणून म्हणतो कोरल घ्या. फुकटच्या वस्तूला हेच होणार.

तिरपा_कर्सर
तुमच्या दुकानातलं कोरल विकतचं आहे ना? सहज विचारलं.

कोरलपंथी
विषय भरकटवू नका.

सईची_आई
जॉमेट्रिक केलं, फट गेली! खूप आभार. आता लेझरवाले म्हणतात, रेषेवर रेषा आली आहे, मशीन दोनदा फिरेल आणि कडा जळेल.

लेझरभाऊ
बरोबर म्हणतात. चौकोनच लावू नका. ५ उभे स्तंभ आणि ८ ओळी असतील तर ४० चौकोनांऐवजी ६ उभ्या आणि ९ आडव्या रेषा काढा. प्रत्येक कड एकदाच कापली जाईल.

तिरपा_कर्सर
कोपरे गोल असतील तर?

सईची_आई
गोलच आहेत की. शिवाय प्रत्येकाला कडीसाठी भोक आहे.

लेझरभाऊ
मग सामाईक रेषा विसरा. चिकटवायचेच नाहीत, मध्ये २ मिमी सोडा. अलाइनच्याच खिडकीत ग्रिडचा टॅब आहे, तिथे ओळी, स्तंभ आणि दोन्हीकडचं अंतर आकड्यात टाका, एका क्लिकमध्ये मांडून देतो. आधी टॅग आणि भोक यांचा ग्रुप करा, नाहीतर भोकांचीही वेगळी रांग लागेल. हे पहिल्याच पोस्टमध्ये कळलं असतं तर स्नॅपची वेळच आली नसती.

जुनं_खोड
टॅग एमडीएफचे (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) की प्लायचे? एमडीएफ पावसाळ्यात फुगतं.

सईची_आई
एमडीएफ, आणि मुंज मे महिन्यात आहे.
शेवटचा प्रश्न. टॅगवरची नावं उभ्या दिशेत मध्यावर घेतली तर 'गौरी' खाली घसरते आणि 'मृदुला' वर चढते. जॉमेट्रिक करूनसुद्धा.

रुकार
तो दोष सेटिंगचा नाही, आपल्या लिपीचं अंग आहे. गौरीच्या मात्रा आणि वेलांटी चौकट वर ताणतात, मृदुलाचे ऋकार आणि उकार खाली. सॉफ्टवेअर त्या पूर्ण चौकटीचा मध्य काढतं. डोळ्याला मात्र मध्य दिसतो तो शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा. एका टॅगवर 'रमा' किंवा 'कमल' असं वर-खाली काही नसलेलं नाव मध्यावर घ्या. त्या ओळीतली बाकीची नावं अलाइनच्या खिडकीतल्या मजकुराची आधाररेषा (अक्षरं जिच्यावर उभी असतात ती) जुळवायच्या बटणाने त्याच्याशी जुळवा. अक्षरं पाथमध्ये (नुसत्या आकारांमध्ये) बदलायच्या आधीच हे करा, नंतर आधाररेषा उरत नाही. पाथ करून बसला असाल तर शिरोरेषेच्या वरच्या कडेवर गाइड (मदतीची आडवी रेषा) टाका आणि नोड स्नॅपने अक्षरं तिला लावा. फॉन्ट सगळीकडे एकच आणि एकाच आकाराचा हवा.

कोरलपंथी
युनिकोड वापरता का? आमच्याकडे गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवरून पाठवलेला मजकूर जुन्या फॉन्टात टाकला की नुसता कचरा दिसतो.

रुकार
त्यासाठी वेगळा धागा काढा राव.

सईची_आई
'रमा' धरून सगळी नावं लावली, छान दिसताहेत. फाइल पाठवली आहे.

नवा_भिडू
इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल यू दाबा, स्मार्ट गाइड्स चालू होतात. फट राहणार नाही.