मदत हवी आहे : जपानचं औद्योगिक धोरण आणि विषमता

नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी जपानवर काम करतेय आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

१९४९ साली स्थापन झालेल्या 'मिती' या व्यापार-उद्योग खात्याने पोलाद, जहाजबांधणी अशा निवडक उद्योगांना परकीय चलन आणि स्वस्त कर्ज मिळवून दिलं. १९६० मध्ये पंतप्रधान इकेदांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करायची योजना आणली. तरीही विषमता फारशी वाढली नाही, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण याचं श्रेय धोरणाचं, की १९४६ च्या जमीन सुधारणांचं आणि दरवर्षीच्या 'शुंतो' वेतनवाटाघाटींचं? मला तरी दुसरं पटतं. कारण धोरणाचा फायदा छोट्या कारखान्यांपर्यंत पोचलेला दिसत नाही : तोक्योच्या ओता भागातल्या चार-पाच माणसांच्या लेथ वर्कशॉपांसारख्या छोट्या पुरवठादारांना मोठ्या कंपन्या रोख पैशांऐवजी लांब मुदतीच्या हुंड्या टेकवत. पैसे थकवू नयेत म्हणून १९५६ मध्ये खास कायदा करावा लागला!

मोठ्या आणि छोट्या कारखान्यांतल्या पगारांची १९५५ ते १९७५ ची तुलनात्मक आकडेवारी इंग्रजीत कुठे मिळेल? जपानी वाचता येणारं कुणी असेल तर कृपया सांगा, फार उपकार होतील.