परक्यांचं दुखणं पडद्यावर: व्हिडिओ निबंधात 'मी' हवा की नको?

सावली
पेनी लेन या अमेरिकन दिग्दर्शिकेचा 'द पेन ऑफ अदर्स' (२०१८) कुणी पाहिला आहे का? नसेल तर थोडक्यात सांगते. मॉर्गेलॉन्स नावाचं एक दुखणं आहे. कातडीखाली काहीतरी वळवळतं, जखमांतून रंगीत धागे निघतात, असं सांगणाऱ्या काही बायकांनी यूट्यूबवर टाकलेले व्हिडिओ जोडून हा माहितीपट केलाय. दिग्दर्शिकेचं निवेदन नाही. एखादी बाई कातडी कॅमेऱ्याला जवळजवळ टेकवते आणि आपणही डोळे बारीक करून धागा शोधायला लागतो.

या माहितीपटावर फ्रान्सच्या क्लोई गालिबेर-लेने यांनी अर्ध्या तासाची व्हिडिओ डायरी केली, 'वॉचिंग द पेन ऑफ अदर्स'. म्हणजे दुसऱ्यांचे व्हिडिओ दाखवत त्यांवर 'मी' म्हणून बोलणारा व्हिडिओ निबंध. हे आपल्याला एवढं का खेचतं आणि बघता बघता आपल्याच अंगात कसं शिरतं, याचा शोध त्यात आहे. माझं ठाम मत आहे की अस्वस्थ करणाऱ्या इंटरनेटबद्दल बोलायचा हाच प्रामाणिक मार्ग. बघणारा कोण आणि तो पुन्हा पुन्हा का बघतो, हे झाकून ठेवलं तर मागे नुसता तमाशा उरतो.

डॉ_नि_गो
साफ असहमत. मी त्वचारोगाची ओपीडी चालवतो. असे पेशंट आमच्याकडेही येतात, अंगात किडे आहेत म्हणून. पुरावा काडेपेटीत घालून आणतात, इतक्या वेळा की आमच्या पुस्तकांत या लक्षणाला काडेपेटीचंच नाव आहे. एका काकूंनी माझ्या टेबलावर रुमालाची गाठ सोडली होती. आत खपल्या, कापसाचे तंतू आणि धुळीचे कण, सगळं वेगवेगळ्या पुड्यांत नीट बांधलेलं.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने मॉर्गेलॉन्सच्या ११५ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. कुठलाही संसर्ग सापडला नाही. धागे बहुतेक सुताचे, कपड्यांतले निघाले. पण खाज खोटी नसते, रात्र रात्र झोप नसते, हे मी रोज बघतो. या बायका आपल्यासारखंच कुणी भेटेल म्हणून कॅमेऱ्यापुढे बसल्या, सिनेमात वापरायची परवानगी म्हणून नव्हे. आधी त्यांचा माहितीपट झाला, मग त्या माहितीपटावर डायरी झाली, आणि डायरीचा नायक कोण? बघणारा! पेशंट पार मागे ढकलला गेला.

सावली
डॉक्टर, परवानगीचा मुद्दा मला मान्य आहे. व्हिडिओ सगळ्यांना दिसतो एवढ्यावरून तो कुणीही उचलावा असं होत नाही. पण निवेदन नसलेला माहितीपटही निवड करतोच. कुठला तुकडा ठेवला, कुठे कापला हे दिसत नाही, आणि जाब विचारायला समोर कुणी नसतं. डायरीत पॉज दिसतो, मागे नेऊन पुन्हा लावलेला तुकडा दिसतो. कात्री कुणाच्या हातात आहे ते कळतं.

रानपाखरू
मी एडिटिंग करते. मला भीती वेगळीच आहे. हा 'मी' आता साचा झालाय. अंधारी खोली, दबका आवाज आणि 'मला काहीतरी खटकतंय' हे वाक्य. खटकणं हाच पुरावा होऊन बसतो.

लॉस एंजेलिसच्या सेसिल हॉटेलचं प्रकरण आठवा. २०१३ मध्ये २१ वर्षांची एक कॅनेडियन विद्यार्थिनी बेपत्ता झाली. ती लिफ्टमध्ये एकामागून एक बटणं दाबतेय, बाहेर डोकावतेय, दार बंदच होत नाही, असा व्हिडिओ पोलिसांनी लोकांसमोर आणला. नंतर ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत मृत सापडली. तिला बायपोलर हा मानसिक आजार होता आणि तो अपघाती मृत्यू असा निष्कर्ष निघाला. पण टाकीचं झाकण बंद होतं, मग ती आत गेली कशी, या एका वाक्यावर वर्षानुवर्षं व्हिडिओ निघाले. २०२१ च्या नेटफ्लिक्स मालिकेत तिला शोधणारा हॉटेलचा कर्मचारीच सांगतो की झाकण उघडं होतं. तोवर एका संगीतकाराला लोकांनी खुनी ठरवून झालं होतं. घटनेच्या वेळी तो त्या शहरातही नव्हता. हे करणारे सगळे मनापासूनच बोलत होते. मनापासून बोलणं पुरत नाही.

शेखर_ठाणे
रानपाखरू, तुमचं उदाहरण बिनतोड आहे, पण निष्कर्ष उलटा काढलात. गालिबेर-लेने यांचाच 'फोरेन्सिकनेस' (२०२०) बघा. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर लोक गर्दीच्या फोटोंतल्या पाठपिशव्यांभोवती गोल काढत बसले आणि निरपराध माणसांची नावं संशयित म्हणून फिरली. त्या सगळ्यावर ख्रिस केनेडी यांनी एक मूकपट केला होता. 'फोरेन्सिकनेस' तो मूकपट उलगडायला बसतो आणि बघणाऱ्यालाही तोच शोधाचा रोग कसा जडतो ते दाखवतो. इथे 'मी' दुसऱ्यावर संशय घेत नाही, स्वतःच्या संशयाची झाडाझडती घेतो. साचेवाल्यांकडे नेमकी हीच गोष्ट नसते.

डॉ_नि_गो
झाडाझडती करा, जरूर करा. माझी मागणी एवढीच आहे की काम पूर्ण झालं की ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांना आधी दाखवा. एखादीने नको म्हटलं तर तिचा भाग काढा.

सावली
तसं केलं तर असे निम्मे सिनेमे होणारच नाहीत. या बायकांचं बोलणं मध्ये न तोडता मी पहिल्यांदा ऐकलं ते लेनच्या माहितीपटातच. तोवर बातम्यांत त्यांची टवाळीच वाचली होती.

डॉ_नि_गो
तुम्ही ऐकलंत, चांगलं झालं. पण आपलं कोण ऐकतंय, हे ठरवायचा हक्क त्यांचा होता. त्यापायी चार सिनेमे कमी झाले तरी मला चालतील.

रानपाखरू
मी यात डॉक्टरांच्या बाजूने. निदान चेहरा तरी विचारल्याशिवाय वापरू नये.