पानांत कॅल्शियम पुरेसं, फळांत मात्र कमी: कुठला अहवाल खरा मानू?

प्रश्न (आठवर्षांची_बाग):
हनीक्रिस्प जातीच्या सफरचंदाची आठ वर्षांची झाडं आहेत, एम-९ या ठेंगण्या खुंटावर. गेल्या हंगामात फळं कमी लागली, पण एकेक फळ चांगलं पोसलं. काढताना एकावरही डाग नव्हता. सहा आठवड्यांनी शीतगृहातल्या पेट्या उघडल्या, तर दर पाचांतल्या एका फळावर, देठाच्या विरुद्ध टोकाला, तपकिरी खोलगट ठिपके. बिटर पिट, म्हणजे फळात कॅल्शियम कमी पडल्याने होणारा बिघाड. फार वाईट वाटलं, कारण पानांच्या तपासणीत कॅल्शियम १.६ टक्के आलं होतं आणि मी निश्चिंत होतो.

यंदा काढणीच्या तीन आठवडे आधी फळंच तपासायला दिली. १०० ग्रॅम ताज्या फळात मिलिग्रॅममध्ये: नत्र ६२, स्फुरद ११, पालाश १४८, कॅल्शियम ३.६, मॅग्नेशियम ५.२. आता काय समजू?

उत्तर (फळपारखी):
दोन्ही अहवाल खरे आहेत. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून बाष्पीभवन जास्त, तिथे जाऊन बसतं. म्हणजे पानांत. एकदा बसलं की ते तिथून हलत नाही. फळाला त्याचा मोठा वाटा सुरुवातीच्या काही आठवड्यांत मिळतो. पुढे फळ फुगत जातं, पालाश येत राहतो, कॅल्शियमची भर मात्र नावापुरती. म्हणून मोठ्या फळात ते विरळ होतं. तुमची गेल्या वर्षीची फळं याच कारणाने बिघडली असणार.

तुमचा पालाश एकटा पाहिला तर वावगा नाही. पण १४८ भागिले ३.६ म्हणजे ४१. हे गुणोत्तर ३० च्या वर गेलं की मी ते फळ लांब साठवणुकीला ठेवत नाही. कॉक्स जातीसाठी कॅल्शियम ४.५ ते ५ असावं असं धरतात. हनीक्रिस्प तर त्याहून नाजूक, त्यामुळे ३.६ वर विसंबू नका.

उत्तर (खुंट_आणि_कलम):
आधी एक विचारतो, नमुना कसा घेतला? कॅल्शियम क्लोराइड फवारलं असेल आणि फळं नीट धुतली नसतील, तर सालीवरचा थर आकड्यात मिसळतो. मग खरं कॅल्शियम ३.६ पेक्षाही कमी निघेल. शिवाय काही प्रयोगशाळा कोरड्या वजनावर आकडा देतात: ०.०३ टक्के दिसलं आणि फळात १५ टक्के कोरडा भाग असला, तर ताज्या फळात ते ४.५ मिलिग्रॅम होतं. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

आठवर्षांची_बाग:
तीस झाडांवरून एकेक फळ घेतलं, सगळी मध्यम आकाराची, कडेची झाडं सोडून. यंदा फवारणी झालेलीच नाही. आकडे ताज्या वजनावरचे आहेत, हे प्रयोगशाळेला पुन्हा विचारून घेतलं.

फळपारखी:
मग आकडा विश्वासाचा आहे. यंदाचा माल लवकर विका. आजच शंभर फळं तोडून काढणीपर्यंत खोलीच्या तापमानाला ठेवा, किती फळांवर ठिपके उठतात ते मोजा. उरलेल्या दिवसांत कॅल्शियम क्लोराइड फवारलं तर थोडा फायदा होईल, पण फळ स्वतः ओलं झालं पाहिजे. पानावर पडलेलं फळात जात नाही. कडक उन्हात मात्र फवारू नका, पानं करपतात.

पुढच्या वर्षी फळं लहान असतानाच एक तपासणी करा. तेव्हा आकडा कमी निघाला तर हातात दोन महिने असतात.

आठवर्षांची_बाग:
शंभर फळं आज संध्याकाळीच तोडतो. पालाशही थांबवतो. माती परीक्षणात तो आधीच जास्त निघाला होता, आणि तरी मी दोन वर्षं देत राहिलो.