व्हिडिओ बघतात, असाइनमेंट देतात, पण वर्गात कुणी बोलत नाही. काय करावं?

फोंड्याची वनस्पतिशास्त्रवाली:
बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवते. नोट्स, पीपीटी, व्हिडिओ, सगळं गूगल क्लासरूमवर टाकते. असाइनमेंट वेळेवर येतात, पण अर्ध्या जणांची वाक्यं तंतोतंत सारखी. वर्गात प्रश्न विचारला की माना खाली. ऑनलाइन साधनांनी मुलांना बोलतं करता येतं का? कुणी करून पाहिलंय?

साखळीकर:
मॅडम, मोबाइलवरून मुलांना माहिती देण्यापेक्षा त्यांचं मत घ्या. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९०च्या दशकापासून हेच करत आलेत: एक प्रश्न, प्रत्येकाचं मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. मी गूगल फॉर्म वापरतो.

माझा आवडता प्रश्न: काजूच्या मोठ्या झाडाचं सुकं वजन मुख्यतः कुठून आलं? माती, खत, ऊन की हवा? बहुतेक जण माती निवडतात. तेव्हा उत्तर सांगायचं नाही, कुणाला किती मतं पडली तेही दाखवायचं नाही, नाहीतर सगळे बहुमताकडे वळतात. फक्त म्हणायचं, ‘शेजाऱ्याला पटवून दे.’ सत्तरी तालुक्यातला एक मुलगा अडून बसला, "आमच्या कुळागरात शेणखत घातल्याशिवाय पोफळीला सुपारी धरत नाही, म्हणजे खतच." शेजारची मुलगी म्हणाली, "मग झाडाखाली एवढ्यात खड्डा पडायला हवा होता!" तिथून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपर्यंत ती दोघं आपली आपण पोचली. अशा वादासाठी मी अर्धं व्याख्यान आनंदाने सोडतो.

चुकीचे पर्याय जुन्या उत्तरपत्रिकांतून उचला. पर्याय खरे वाटले तरच वाद रंगतो.

पेडण्याहून:
सरांशी सहमत. २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास, सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे मुलं स्वतः चर्चा करतात, प्रश्न सोडवतात अशा वर्गांत २२च्या.

रेंजचं मात्र बघा. गावात नेट रडतं, त्यामुळे घरून लाइव्ह काही ठेवू नका. आदल्या दिवशी दोनच प्रश्न द्या, नुसता मजकूर. तास त्यांच्या उत्तरांवरूनच सुरू करा. वर्गात बाकाला एक फोन पुरतो.

फोंड्याची वनस्पतिशास्त्रवाली:
खूप आभार! खाजन शेतीतल्या (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतातल्या) खाऱ्या पाण्यावर असाच प्रश्न बेतते. गुण द्यायचे का?

साखळीकर:
भाग घेतल्याचे थोडे द्या, बरोबर उत्तराचे नको. त्याला गुण ठेवले की पुन्हा एकमेकांचं बघून लिहितील.