चांगीवर सात तास: बाहेर पडावं की खुर्ची धरावी?

अटकमटक:
गेल्या महिन्यात आईबाबांना घेऊन बहिणीकडे मेलबर्नला गेलो. वाटेत सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सात तासांचा लेओव्हर. कायप्पावरच्या समस्त नातेवाईकांनी बजावलं होतं, "विमानतळ सोडू नका, तिथेच भरपूर आहे बघायला." मी ऐकलं नाही.

हिशेब सोपा होता. उतरून बाहेर पडेपर्यंत एक तास, जाण्यायेण्याचा मिळून एक-सव्वा, विमानाच्या दोन-अडीच तास आधी परत. हातात दोन तास तरी उरतातच. मेट्रोने निघालो, ताना मेराला गाडी बदलून सिटी हॉलला उतरलो आणि चालत एस्प्लनेड पार्कात गेलो. तिथे आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा आहे. जुलै १९४५ मध्ये नेताजींनी त्याची पायाभरणी केली आणि ब्रिटिशांनी परत येताच ते पाडून टाकलं. १९९५ पासून तिथे खुणेचा फलक आहे. बाबा इतिहासाचे मास्तर. पाच मिनिटं एक शब्द बोलले नाहीत, हे आमच्या घरात विरळाच. तिथून मर्लायन, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला तो पुतळा, फोटो, परत.

माझं मत: सहा-सात तास हातात असून जो चांगीच्या गालिच्यांवर लोळत बसतो तो आळशी. शिव्या द्यायच्या तर द्या.

गारवा:
घ्या मग. मुंबईहून रात्री निघालेलं विमान तिथे सकाळी पोचतं. म्हणजे झोप शून्य, पाय सुजलेले, आणि तुम्ही सत्तरीच्या आईला मेट्रोचे जिने दाखवताय! बाबांचं सांगितलंत, आईंना काय वाटलं ते सोयीस्करपणे गाळलंत.

आणि मर्लायनचं एवढं काय? उंची ८.६ मीटर. फोटोत अवाढव्य वाटतो, समोर गेलं की "एवढाच?" शहर बघायचं तर दोन दिवस काढा. नाहीतर टर्मिनल ३ मधल्या फुलपाखरांच्या बागेत निवांत बसा, मग आडवे व्हा.

सुपारी_खांड:
भांडा खुशाल, पण नातेवाईकांचा एक गैरसमज आधी दूर करू. "तिथेच भरपूर आहे" म्हणताना बहुतेकांच्या डोक्यात ज्वेलचा, म्हणजे विमानतळाला लागून असलेल्या मॉलचा, ४० मीटरचा धबधबा असतो. तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे! आतल्या प्रवाशाला टर्मिनल २ आणि ३ मधल्या स्कायट्रेनमधून ओझरता दिसतो, बस्स. म्हणजे ज्वेल बघायला निघालात की तुम्ही रीतसर सिंगापुरात शिरलात.

आणि शिरायला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांचा वैध व्हिसा आणि पुढचं तिकीट असेल तर ९६ तासांची विनाव्हिसा सवलत मिळते. तिच्याही अटी आहेत, त्या सरकारी संकेतस्थळावर वाचून निघा. अटकमटकना ती मिळाली म्हणून बँकॉकला फिरायला निघालेल्या मावशींना मिळेलच असं नाही. विमानतळाच्या फुकट सहलीलासुद्धा हेच सगळं लागतं.

मधली_सुट्टी:
आमची कथा. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली. एकाच तिकिटावर असतो तर बॅगा परस्पर पुढे गेल्या असत्या. इथे पट्ट्यावरून उतरवा, सामानघरात ठेवा, पुन्हा चेक-इन करा. सहा तासांतले किती हातात राहिले ते विचारू नका.

त्यात काका. खिशात तंबाखूची पुडी! चघळायची तंबाखू सिंगापुरात न्यायलाच बंदी आहे. आतल्या आत विमान बदललं असतं तर हा प्रसंगच आला नसता. कस्टमच्या दारात काकांनी ती कचऱ्यात टाकली तो चेहरा मी विसरणार नाही. पुढचा आठ तासांचा प्रवास त्यांनी बडीशेपेवर काढला. मी गारवांच्या बाजूने.

काठावरचा:
तुम्ही सगळे शहराच्या मध्यालाच का धावता? टॅक्सीने पंधरा मिनिटांत चांगी व्हिलेज येतं. तिथलं हॉकर सेंटर नासी लेमाकसाठी नावाजलेलं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात म्हटल्यावर कोकणी माणसाला वेगळं काय सांगायचं! मात्र शाकाहाऱ्यांनी जपून, सोबतच्या सांबालात (मिरचीच्या चटणीत) कोळंबीची पेस्ट असते. पुढे चांगी बीच, डोक्यावरून विमानं उतरत असतात. ना मेट्रो बदलायची, ना मर्लायनपुढे गर्दी. तिथे मी दीड तास नुसता बसलो होतो, लोळतच म्हणा ना.

गारवा:
@काठावरचा, हे पटलं. पण समुद्रकाठी नुसतं बसायचं तर अटकमटकच्या लेखी तुम्हीही आळशीच!

अटकमटक:
काठावरचे आळशी नाहीत, ते बाहेर पडले. मुद्दा तोच आहे.

आता गाळलेलं सांगतो. आईने मेट्रोत चिवड्याचा डबा उघडला. तिथे गाडीत खाण्यापिण्याला ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे. मी झडप घालून झाकण लावलं, त्यावर ती अर्धा तास बोलली नाही. दुसरं, वेळ बघायला मी बाबांच्या मनगटाकडे बघत होतो आणि त्यांचं घड्याळ भारताच्या वेळेवर, म्हणजे अडीच तास मागे. बोर्डिंग पासवर वेळ तिथली. मोबाइल बघितला तेव्हा मर्लायनपासून सिटी हॉलपर्यंत आईला जवळजवळ ओढत नेलं. गेटवर पोचलो तेव्हा दहाबारा माणसंच उरली होती.

गारवा:
आणि म्हणे हिशेब सोपा होता!

सुपारी_खांड:
परतीलाही सिंगापूरच का?

अटकमटक:
हो, साडेपाच तास. बाबांना पुन्हा त्या फलकापाशी जायचंय, मागच्या वेळी मजकूर नीट वाचून झाला नाही म्हणतात. आईला पाय लांब करता येतील अशी खुर्ची हवी. आणि एकटी ती तिथे बसणार नाही.

मधली_सुट्टी:
चिवडा या वेळी बॅगेत की हातात?