पहिली मैफल, पहिलं तिकीट आणि मागची सतरंजी

पुणे

डिसेंबर 1989, रमणबाग शाळेचं मैदान. सवाई गंधर्व हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव तेव्हा रात्र रात्र चालायचा. आजोबांनी भारतीय बैठकीची तिकिटं काढली होती आणि नऊ वर्षांच्या मलाही बरोबर नेलं होतं. आईने स्वेटरवर स्वेटर चढवले, आजीने थर्मासमध्ये कॉफी भरून दिली. मला गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. पहाटे त्यांनी हलवून उठवलं, "ऊठ, भीमसेन बसलेत." ते काय गायले ते आठवत नाही. शालीत गुरफटलेली हजारो माणसं जागची हलत नव्हती, आणि तंबोऱ्यांचा आवाज जमिनीतून येतोय असं वाटत होतं. आज मी जे काही ऐकते, ते त्या पहाटेपासून.

परवा माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला एका गायकाच्या कार्यक्रमाला जायचं होतं. सगळ्यात स्वस्त तिकीट, तेही उभं राहून बघायचं, 3,999 रुपये. त्यावर कन्व्हीनियन्स फी. तिघांचे बारा हजारांच्या वर गेले. ती हट्टी नाही. "राहू दे गं आई," म्हणाली, आणि मला तेच फार लागलं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मला गाणं आवडतं म्हणून आजोबांनी नेलं नव्हतं. नेलं, म्हणून आवडलं. बारा हजार घालून न कळणारं काही ऐकायला मुलांना कोण नेईल? जे आधीच तोंडपाठ आहे, तेच ऐकायला नेतील.

तुम्ही पहिल्यांदा गाणं समोर बसून कुठे ऐकलंत? कुणी नेलं, किती पैसे पडले, जागा कुठे मिळाली? सविस्तर सांगा.

मिरज

ताई, आमच्याकडं तिकीट हा प्रकारच नव्हता. मीरासाहेब दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. आवारात, चिंचेच्या झाडाखाली. खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर इथंच आहे. मोठमोठे गायक इथं हजेरी म्हणून गातात आणि ऐकणारा कोण, कुठला, कुणी विचारत नाही.

वडील सतारमेकर गल्लीत कारागीर होते. मी सातवीत असताना ते म्हणाले, चल, आपला तंबोरा कसा बोलतोय ते बघून येऊ. म्हणजे माझी पहिली मैफल गायकाची नव्हतीच, जवारीची, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेतून घुमणाऱ्या त्या नादाची होती. गायक सूर लावायच्या आधी तंबोरे जुळवतात ना, त्या पाच मिनिटांत वडिलांचा चेहरा मी पाहिला. जवारी उघडी लागली तसे ते मागं भिंतीला टेकले. मग पुढं तीन तास गाणं झालं, पण त्यांचं काम तिथंच झालं होतं.

2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ते नव्हते.

गिरगाव, मुंबई

धोबीतलावचं रंगभवन. 1992, कॉलेजचं पहिलं वर्ष, इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव. खिशात रेल्वेचा पास आणि वडापावपुरते पैसे. रंगभवनला छप्पर नव्हतं, म्हणून आम्ही चौघं बाहेरच्या फुटपाथवर उभे राहिलो. गिटार अर्धवट यायची, शब्द तर मुळीच नाही. पण ड्रम भिंतीवरून सरळ छातीत. दुसऱ्या वर्षी शिकवण्या करून पैसे साठवले आणि आत गेलो. आत गेल्यावर कळलं की बाहेरून जे ऐकलं होतं ते केवढं कमी होतं. तरी फुटपाथवरची ती संध्याकाळ नसती, तर मी आत जायचे पैसे साठवलेच नसते.

पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला, शेजारी रुग्णालय, आणि तिथले कार्यक्रम बंद झाले. रुग्णांचा हक्क मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण रंगभवनसारखी, शहराच्या मध्यावर, लोकलने उतरून चालत जाण्याजोगी दुसरी उघडी जागा आम्हाला कुणी दिली नाही.

नेरुळ

गिरगावकर काका, तुमचा फुटपाथ मला 2025 मध्ये मिळाला. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडची तिकिटं 22 सप्टेंबर 2024 ला दुपारी बाराला खुली झाली. 2,500 पासून 35,000 पर्यंत. ऑफिसातले आम्ही सहा जण सहा लॅपटॉप उघडून बसलो होतो. माझ्यापुढे रांगेत चार लाखांहून जास्त माणसं होती. थोड्या वेळाने सगळं संपलं, आणि त्याच दिवशी तीच तिकिटं दुसरीकडे कितीतरी पट भावाने दिसायला लागली. मी दर महिन्याला घरी पैसे पाठवते, त्या भावाने घेणं शक्यच नव्हतं.

18 जानेवारीला तरीही डी. वाय. पाटील स्टेडियमपाशी गेले. माझ्यासारखे पुष्कळ होते, काहींच्या कडेवर मुलं. आतल्या प्रेक्षकांच्या मनगटांवरच्या पट्ट्यांचे दिवे आम्हाला दिसत नव्हते, पण स्टेडियमवरचं आभाळ रंग बदलताना दिसत होतं. एका गाण्याला आत सगळे गायला लागले आणि बाहेर आम्हीही. माझी पहिली कॉन्सर्ट कुणी विचारली तर मी हीच सांगते. 26 तारखेचा अहमदाबादचा कार्यक्रम फोनवर फुकट दाखवला, तोही पाहिला. पण फोनवर ते आभाळ नव्हतं.

सोलापूर

गणपतीतला ऑर्केस्ट्रा. गिरणीच्या चाळीपुढं, रस्त्यात. बापाच्या खांद्यावर बसून पाहिला. पैसे शून्य. एवढंच, पण लिहावंसं वाटलं.

सातारा

मी उलट्या बाजूने लिहितो. आमचं लहानसं संगीत मंडळ आहे, गेली बावीस वर्षं वर्षाला तीन मैफली करतो. तिकीट महाग झालं हे खरं, पण पूर्वीच्या स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजत होतं. तबलजीला नारळ आणि एसटीचं भाडं देऊन परत पाठवलेलं मी लहानपणी पाहिलंय. तो माणूस रात्रभर वाजवून पहाटेच्या गाडीने उभा गेला. आता साथीदाराला नीट मानधन देतो आणि ते वाढलंच पाहिजे.

बाकी खर्च म्हणजे सभागृहाचं भाडं आणि अनामत, ध्वनिव्यवस्था, परवाने, कलाकारांचा प्रवास आणि मुक्काम. 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यापुढे 18 टक्के. आम्ही 300 च्या वर जात नाही. तूट देणगीदार भरतात. आणि मनापासून सांगतो, ज्यांना 300 सहज परवडतात तेच फुकट पास मागतात. त्या प्रत्येक पासामागे एका विद्यार्थ्याची खुर्ची जाते.

लंडन

मी शिकायला आलो 2010 मध्ये. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स म्हणून उन्हाळी मैफली होतात, 1895 पासूनची परंपरा. खुर्च्या महाग, पण मंचासमोरची मोकळी जागा उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी राखलेली. तेव्हा 5 पौंड, अलीकडे 8. म्हणजे सगळ्यात जवळची जागा सगळ्यात स्वस्त! शेजारच्या एका आजीबाईंनी मला कधी टाळ्या वाजवायच्या नाहीत ते हळूच सांगितलं. पाश्चात्त्य संगीत मी त्याआधी एक तासही ऐकलं नव्हतं. पुण्याच्या ताई म्हणतात ते इथे पटतं, 60 पौंड असते तर मी गेलोच नसतो.

याच शहरात मोठ्या बँडच्या तिकिटांचे भाव कधीकधी मागणी पाहून बदलतात. रांगेत उभं असताना एक किंमत, नंबर लागेपर्यंत दुप्पट. तीही रांग मी लावली आहे आणि रिकाम्या हाताने उठलो आहे.

पुणे

सातारकर काका, पुढची मैफल कधी? लेकीला घेऊन येईन म्हणते. ती विचारतेय, काहीच कळलं नाही तर चालेल का.

सातारा

चालेल. येत्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी साडेपाचला. अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, त्यांच्यासाठी मंचाच्या डावीकडे सतरंजी घालतो. तबलजीचा हात तिथूनच नीट दिसतो. पाचच्या आत या, ती सतरंजी आधी भरते.